अल्जीरिया १९५४–१९६५: सीमेपलीकडे अडलेली सेना सत्तेवर कशी आली

५ जुलै १९६२ रोजी अल्जीरिया स्वतंत्र झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, ९ सप्टेंबरला, कर्नल हुआरी बूमेदियन यांच्या फौजा राजधानी अल्जिअर्समध्ये शिरल्या. या फौजांतल्या बहुतेक सैनिकांनी युद्धाची शेवटची चार वर्षे देशाबाहेर, ट्युनिशिया आणि मोरोक्कोतल्या छावण्यांत काढली होती. वाटेत त्यांना अडवायला उभे राहिले ते फ्रेंच नव्हते. डोंगरदऱ्यांत राहून फ्रेंचांशी सात वर्षे झुंजलेले अल्जीरियन गनिमी सैनिक होते. या आपसातल्या लढाईत साधारण हजार माणसे पडल्याचे सांगितले जाते.

आत राहून लढलेले हरले आणि बाहेर थांबलेले जिंकले, हे कसे घडले? याचे उत्तर बरेचदा व्यक्तींच्या महत्त्वाकांक्षेत शोधले जाते. स्वतंत्र देशाचा पहिला पंतप्रधान बेन बेला असा होता, बूमेदियन तसा होता, वगैरे. आमच्या मते ते उत्तर अपुरे आहे. राज्य कोणाच्या हाती जाईल हे १९६२ मध्ये ठरले नाही. ते १९५७-५८ मध्येच बरेचसे ठरून गेले होते, आणि ठरवण्यात एका विजेच्या कुंपणाचा मोठा वाटा होता.

पार्श्वभूमी, थोडक्यात

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जिअर्स घेतले. पुढे या मुलुखाला वसाहत न म्हणता फ्रान्सचेच जिल्हे म्हणून चालवले. १९५४ मध्ये येथे सुमारे दहा लाख युरोपीय आणि पंच्याऐंशी ते नव्वद लाख मुस्लिम राहत होते. १९४७ च्या कायद्याने १२० सदस्यांची विधानसभा दिली. त्यात युरोपीय मतदारसंघाला ६० जागा आणि नऊपट मोठ्या मुस्लिम समाजालाही ६० जागा. त्यातही १९४८ च्या निवडणुकीत सरकारी यंत्रणेने उघड उघड घोटाळे करून मर्जीतले लोक निवडून आणले. सनदशीर मार्गाने काही मिळेल हा विश्वास तिथे संपला. पुढच्या कथेसाठी याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे: निवडणूक लढवणे, सभागृह चालवणे, सौदा करून बहुमत जमवणे, या कामांचा अनुभव असलेली माणसे अल्जीरियात मूठभरच राहिली.

१ नोव्हेंबर १९५४ च्या रात्री सुमारे ७० हल्ले करून राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, म्हणजे एफएलएनने, युद्ध पुकारले. देशात राहून ते उभारणारे सहा जण होते: बूदियाफ, बेन बूलइद, दिदूश, बितात, क्रिम बेलकासेम आणि लार्बी बेन म्हिदी. बाहेर कैरोत तिघे होते: बेन बेला, आइत अहमद आणि खिदर. देश पाच भागांत वाटला गेला, आणि दळणवळण इतके कच्चे होते की पहिली जवळजवळ दोन वर्षे प्रत्येक भाग आपापल्या बळावर लढत राहिला.

सूमामचा आराखडा

२० ऑगस्ट १९५६ रोजी कबिलिया या डोंगराळ प्रदेशातल्या सूमाम खोऱ्यात आतल्या नेत्यांची परिषद भरली. तिच्यामागचे डोके अबान रमदान यांचे. या परिषदेने जे कागदावर उतरवले ते आजही बारकाईने वाचावे असे आहे, कारण तिथे एका राज्याचा पहिला आराखडा दिसतो.

आधी सेना. सर्वात लहान गट ११ जणांचा. असे तीन गट आणि एक प्रमुख व त्याचा सहायक मिळून ३५ जणांची तुकडी. तीन तुकड्या आणि पाच अधिकारी मिळून ११० जणांची कतिबा, म्हणजे कंपनी. तीन कतिबा आणि वीस अधिकारी मिळून ३५० जणांची पलटण. सर्वात वरचा हुद्दा कर्नलचा ठेवला, त्यावर कोणी नाही. जनरल नकोतच, हा निर्णय जाणीवपूर्वक होता.

मग प्रदेश. देशाचे सहा विलाया, म्हणजे युद्धप्रांत, विलायाखाली मिंतका, त्याखाली नाहिया, त्याखाली कस्मा. अल्जिअर्स शहराचा स्वतंत्र विभाग. प्रत्येक विलायाचा प्रमुख कर्नल, आणि त्याच्या हाताखाली तीन सहायक: एक लष्करी कामाचा, एक राजकीय कामाचा, एक दळणवळण आणि हेरगिरीचा. निर्णय चौघांनी मिळून घ्यायचा. गावपातळीवर पाच जणांची निवडून आलेली पंचसमिती असावी आणि तिने जन्ममृत्यूच्या नोंदी, तंटे, पैसा आणि पोलिसी व्यवस्था बघावी, असेही ठरले. फ्रेंच प्रशासनाच्या नाकाखाली समांतर प्रशासन उभे करायचे होते, आणि अनेक भागांत ते काही काळ खरोखर उभे राहिले. लोक जमिनीचे वाद घेऊन फ्रेंच न्यायाधीशाकडे जाईनासे झाले.

वर ३४ सदस्यांची राष्ट्रीय परिषद, आणि रोजचे युद्ध चालवायला पाच जणांची समन्वय व अंमलबजावणी समिती. या सगळ्याच्या मुळाशी दोन तत्त्वे. लष्करी कामापेक्षा राजकीय काम वरचढ. बाहेरच्यांपेक्षा आतले वरचढ.

ही दोन तत्त्वे टिकली असती तर स्वतंत्र अल्जीरिया वेगळा झाला असता, असे आम्हाला वाटते. ती टिकली नाहीत, आणि का टिकली नाहीत हाच या प्रकरणाचा गाभा आहे. बाहेर बसलेल्या बेन बेलांना ती मुळातच मान्य नव्हती. आपल्याला वगळून परिषद झाली हा त्यांचा आक्षेप होता. पण त्यांचा विरोध फार काळ प्रभावी राहिला नाही. २२ ऑक्टोबर १९५६ रोजी मोरोक्कोहून ट्युनिसला निघालेले त्यांचे विमान फ्रेंचांनी अल्जिअर्सला उतरवले, आणि बेन बेला, बूदियाफ, आइत अहमद, खिदर तुरुंगात गेले ते १९६२ पर्यंत. युद्धाचा बहुतेक काळ तुरुंगात असल्यामुळे कोणत्याही अंतर्गत रक्तपाताचा डाग बेन बेलांना लागला नाही. पुढे हेच त्यांचे भांडवल ठरले.

पहिली मोड: राजधानी हातची गेली

ही पाच जणांची समिती अल्जिअर्स शहरात बसून युद्ध चालवत होती. जानेवारी १९५७ मध्ये शहराची पोलिसी सत्ता जनरल मास्यू यांच्या छत्रीधारी सैन्याकडे दिली गेली. शहरातली गुप्त संघटना त्रिकोणी साखळीची होती. एक माणूस आपल्या वरच्या एकाला आणि खालच्या दोघांनाच ओळखे. अशी साखळी फोडायला वेळ लागतो. पण फ्रेंच सैन्याने सरसकट धरपकड आणि छळ करून ती कडी कडी करून उलगडली. समितीतले बेन म्हिदी फेब्रुवारीत पकडले गेले आणि मार्चमध्ये कोठडीत मारले गेले. आत्महत्या झाली असे तेव्हा जाहीर केले होते. आपल्या सैनिकांनीच त्यांना मारले हे फ्रान्सने अधिकृतपणे कबूल केले ते २०२४ मध्ये.

समितीचे उरलेले चौघे देशाबाहेर पडले. आतल्यांची सत्ता वरचढ म्हणणारी समितीच बाहेरची झाली. ऑगस्ट १९५७ मध्ये कैरोत राष्ट्रीय परिषद भरली आणि तिने सूमामची दोन्ही तत्त्वे मोडीत काढली. समिती पाचावरून नवावर नेली, त्यात पाच कर्नल. क्रिम बेलकासेम, बूसूफ आणि बेन तोब्बाल हे तिघे कर्नल खरे सूत्रधार बनले. अबान उघडपणे विरोध करत राहिले. २७ डिसेंबर १९५७ रोजी त्यांना मोरोक्कोत बोलावून तेतुआनजवळच्या एका शेतघरात गळा दाबून मारले गेले. पाच महिन्यांनी संघटनेच्या ‘एल मुजाहिद’ या मुखपत्रात छापून आले की ते रणभूमीवर पडले.

या खुनाकडे नुसता आपसातला सूड म्हणून बघणे चुकीचे ठरेल. राजकीय मतभेद मिटवण्याची रीत त्या दिवशी ठरली, आणि खोटी बातमी छापून तो झाकण्याची रीतही.

दुसरी आणि निर्णायक मोड: मोरिस रेषा

विलायांना हत्यारे बाहेरून येत. पूर्वेला ट्युनिशिया, पश्चिमेला मोरोक्को. दोन्ही देश मार्च १९५६ मध्ये स्वतंत्र झाले होते. खेचरांचे तांडे रात्री सीमा ओलांडत, हत्यारे आत आणत, नवी माणसे प्रशिक्षणाला बाहेर नेत. हा रस्ता बंद करायला फ्रेंच संरक्षणमंत्री आंद्रे मोरिस यांच्या नावाने ओळखली जाणारी अडथळ्यांची रेषा सप्टेंबर १९५७ पर्यंत ट्युनिशियाच्या सीमेलगत उभी झाली. भूमध्य समुद्रापासून दक्षिणेला वाळवंटाच्या कडेपर्यंत ती शेकडो किलोमीटर पसरली होती. मोरोक्कोच्या बाजूलाही तशीच रेषा होती.

तिची रचना समजून घेतली तर पुढचे राजकारण समजते. मधोमध सुमारे ५,००० व्होल्टचा प्रवाह असलेली तार. तिच्या दोन्ही बाजूंना काटेरी तारा आणि सुरुंग. आत गस्तीचा रस्ता, त्यावरून चिलखती गाड्या रात्रभर फिरत. ठरावीक अंतरावर नियंत्रण केंद्रे: तार कुठेही कापली की प्रवाहातल्या बदलावरून जागा कळे आणि आधीच नेम धरून ठेवलेल्या तोफा तिथे मारा करत. तार कापून कोणी आत आलाच, तर खरी शिकार त्यानंतर सुरू होई. आत शिरलेल्या तुकडीला उजाडायच्या आत डोंगर गाठावा लागे, आणि तोवर हेलिकॉप्टरने आलेले छत्रीधारी सैनिक पुढची वाट अडवून बसलेले असत.

रबरी मूठ असलेल्या कात्र्या, तारेखालून खणलेले चर, लांब नळ्यांत भरलेली स्फोटके, एका ठिकाणी खोटा हल्ला करून दुसऱ्या ठिकाणी शिरणे, हे सगळे करून बघितले गेले. अडचण तार कापण्यात नव्हती. तार कापल्यावर हातात जो वेळ उरे तो पुरत नव्हता. १९५८ च्या पूर्वार्धात मोठ्या तुकड्यांनी रेषा फोडण्याचे प्रयत्न झाले. एप्रिलच्या अखेरीस सूक अहरासजवळ सुमारे आठशे जणांनी एकदम शिरकाव केला. आठवड्याभरात त्यांतले सहाशेहून अधिक मारले गेले किंवा पकडले गेले. यानंतर मोठ्या प्रमाणावर सीमा ओलांडणे जवळपास थांबले.

रेषेने एका सेनेच्या दोन सेना केल्या.

आतली सेना हत्यारे आणि दारूगोळ्यावाचून सुकत गेली. १९५९ च्या सुरुवातीपासून फ्रेंच सेनापती जनरल शाल यांनी पश्चिमेकडून पूर्वेकडे एकेक डोंगररांग घेरून झाडायला सुरुवात केली. गनिमी सैनिक खेड्यांवर जगत म्हणून खेडीच हलवली गेली. वीस लाखांहून अधिक शेतकरी तारेच्या कुंपणातल्या वस्त्यांत नेऊन ठेवले गेले आणि त्यांच्या जमिनी ‘निषिद्ध क्षेत्र’ बनल्या. फ्रेंच हेरखात्याने पसरवलेल्या फितुरीच्या संशयाने घात केला तो वेगळाच. १९५८ मध्ये तिसऱ्या विलायात कर्नल अमिरूश यांच्या हाताखाली आपल्याच शेकडो माणसांचा बळी गेला. त्यांत शहरांतून आलेले शिकलेले तरुण जास्त, कारण संशय त्यांच्यावरच आधी जाई. लिहिता-वाचता येणारी, हिशेब ठेवणारी, उद्या तालुका चालवू शकली असती अशी ही माणसे होती. मार्च १९५९ मध्ये स्वतः अमिरूश मारले गेले. १९६० पर्यंत आतल्या तुकड्या ११० च्या कतिबांमधून पुन्हा पाच-दहा जणांच्या टोळ्यांवर आल्या.

बाहेरची सेना मात्र वाढत राहिली. सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांतून भरती होई. हत्यारे अरब देशांतून, चीनकडून, पूर्व युरोपातून येत आणि रेषेमुळे आत जाऊ न शकल्याने छावणीतच साठत. लढाईत मरण कमी, तालीम भरपूर. फ्रेंच सैन्यातून पळून आलेले अल्जीरियन अधिकारी कवायत, नकाशावाचन, तोफखाना शिकवू लागले. जानेवारी १९६० मध्ये त्रिपोलीतल्या बैठकीत दोन्ही सीमांवरच्या फौजा एका जनरल स्टाफखाली आणल्या गेल्या. प्रमुख बूमेदियन, मुख्यालय ट्युनिशियातले घार्दिमाऊ. १९६२ येईतो ही सेना तीस हजारांच्या वर गेली होती. एक गणवेश, एक हुकूम, एक रसद.

ज्या सरकारकडे फौज नाही

१९ सप्टेंबर १९५८ पासून एफएलएनचे हंगामी सरकारही होते. आधी पंतप्रधान फरहात अब्बास, ऑगस्ट १९६१ पासून बेन खेद्दा. या सरकारने परराष्ट्रनीतीत फार मोठे काम केले आहे. संयुक्त राष्ट्रांत प्रश्न तेवत ठेवला, देशोदेशींची मान्यता मिळवली, फ्रान्सला वाटाघाटीला बसवले. फ्रान्समधल्या अल्जीरियन कामगारांकडून दरमहा गोळा होणारी वर्गणी हा त्याच्या पैशाचा मोठा स्रोत होता. पण हुकूम ऐकणारी फौज त्याच्याकडे नव्हती.

जून १९६१ मध्ये हे उघडे पडले. ट्युनिशियाच्या सीमेजवळ एक फ्रेंच विमान पाडले गेले आणि वैमानिक जनरल स्टाफच्या हाती लागला. ट्युनिशियाचे अध्यक्ष बुर्गिबा यांनी तो परत मागितला, कारण त्यांच्या भूमीवरून हे घडले होते. हंगामी सरकारने वैमानिक सोपवा असा हुकूम दिला. जनरल स्टाफने आधी नकार दिला, मग सोपवला आणि जुलैत सामूहिक राजीनामा दिला. सरकारला त्यांच्या जागी दुसरे नेमता आले नाहीत. नेमले असते तरी अधिकाऱ्यांनी त्यांचे ऐकले नसते. राजीनामा हवेत विरला आणि बूमेदियन पूर्वीसारखेच कामावर राहिले. कोण कोणावर अवलंबून आहे हे दोन्ही बाजूंना त्या उन्हाळ्यात कळून चुकले. हंगामी सरकार तेव्हाच घार्दिमाऊवर पकड बसवू शकले असते का? आमच्या मते नाही; चार वर्षे उशीर झाला होता.

बूमेदियन यांच्याकडे फौज होती, नाव नव्हते. वय तिशीचे, लोकांना चेहरा ठाऊक नाही. म्हणून त्यांनी आपला विश्वासू सहकारी अब्देलअझिझ बूतेफ्लिका याला फ्रान्समध्ये कैदेत असलेल्या नेत्यांकडे पाठवले. बूदियाफ यांनी सेनेच्या पाठिंब्यावर पुढे येण्यास नकार दिला. बेन बेला तयार झाले.

१९६२ चा उन्हाळा

१८ मार्च १९६२ रोजी एव्हियाँ येथे करार झाला, १९ मार्चच्या दुपारी शस्त्रसंधी लागू झाली. फ्रेंच अतिरेक्यांच्या ओएएस संघटनेने जाताजाता जाळपोळ आणि खून आरंभले. अल्जिअर्स विद्यापीठाचे ग्रंथालय ७ जूनला याच आगीत गेले. १ जुलैच्या सार्वमतात ९९ टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली.

मधल्या साडेतीन महिन्यांत दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींनी आतल्यांचे बळ वाढण्याऐवजी पातळ झाले. युद्ध संपताच विलायांकडे हजारो नवे ‘सैनिक’ धावले. लोक त्यांना मार्चवाले म्हणू लागले. दमलेल्या, मोजक्या जुन्या गनिमी सैनिकांच्या भोवती शिस्त नसलेली नवी गर्दी झाली. कोणी मोकळी घरे बळकावली, कोणी फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या हर्कींना मारून आपली देशभक्ती सिद्ध केली. दुसरे म्हणजे विलायांमध्ये १९५७ नंतर समाईक आतले नेतृत्व राहिलेच नव्हते. प्रत्येक कर्नल आपल्या मुलखाचा धनी, शेजारच्यावर अविश्वास.

मे-जूनमध्ये त्रिपोलीत राष्ट्रीय परिषद बसली. समाजवादी धोरणाचा कार्यक्रम एकमताने मंजूर झाला, जवळपास चर्चेविनाच. भांडण झाले ते पक्ष चालवणाऱ्या राजकीय मंडळात कोण बसणार यावरून. बेन बेलांच्या सात नावांत स्वतःसह पाच जुने कैदी होते आणि क्रिम बेलकासेम नव्हते. मतदान झालेच नाही. बेन खेद्दा बैठक सोडून निघून गेले. ३० जूनला त्यांनी बूमेदियन आणि त्यांच्या दोन सहायकांना बडतर्फ केले. हुकूम निघाला, पण तो बजावणार कोण? विजेची तार आता बंद होती आणि सेना देशात शिरू लागली होती.

२२ जुलैला त्लेमसेनमध्ये बेन बेलांनी राजकीय मंडळ जाहीर केले. पहिला, पाचवा आणि सहावा विलाया त्यांच्या बाजूने. तिसरा आणि चौथा विरुद्ध. दुसरा फुटला. ऑगस्टच्या सुरुवातीला तडजोड झाली, बेन बेला राजधानीत आले, महिन्याच्या अखेरीस ती मोडली. बोघारी आणि एल अस्नामच्या आसपास लढाई झाली. तोफा आणि गाड्यांसमोर चौथ्या विलायाच्या बंदुका पुरल्या नाहीत. लोक रस्त्यावर उतरून दोन्ही सेनांच्या मध्ये उभे राहिले आणि ओरडू लागले, ‘सात वर्षे पुरेत!’ या हाकेचा खरा अर्थ राजकीय होता: थकलेल्या समाजाला आता ज्याच्या हाती बळ आहे त्याचे राज्य चालणार होते, फक्त रक्त थांबायला हवे होते.

२० सप्टेंबरला संविधान सभेची निवडणूक झाली. १९६ जागा, १९६ उमेदवार, एकच यादी. ऑगस्टच्या मूळ यादीतली सुमारे एक तृतीयांश नावे विजेत्यांनी मधल्या काळात खोडून बदलली. बेन बेला पंतप्रधान, बूमेदियन संरक्षणमंत्री.

रिकामा झालेला देश

आठ-नऊ लाख युरोपीय एका वर्षात निघून गेले. त्यांच्यासोबत शिक्षक, डॉक्टर, इंजिनीअर, नोंदणी कार्यालयातले कारकून, टेलिफोन चालवणारे. मागे राहिलेल्यांत दहातले जवळपास नऊ निरक्षर. प्रशासन चालवायला उरले ते वसाहती नोकरीत खालच्या जागी असलेले थोडे लोक आणि सेना. लिहिलेला हुकूम गावापर्यंत पोहोचवू शकेल अशी दुसरी यंत्रणाच नव्हती. सूमामच्या पंचसमित्या १९५९ च्या मोहिमांत आणि स्थलांतरात भरडल्या गेल्या होत्या.

सुमारे २७ लाख हेक्टर चांगली जमीन युरोपीयांकडे होती. मालक पळाल्यावर १९६२ चे पीक बऱ्याच मळ्यांत शेतमजुरांनी स्वतः काढले आणि समित्या केल्या. मार्च १९६३ च्या आदेशांनी या स्वयंव्यवस्थापनाला कायद्याचे रूप दिले, आणि इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. कायम मजुरांची सभा, तिने निवडलेली कामगार परिषद, तिने निवडलेली व्यवस्थापन समिती, समितीचा निवडलेला अध्यक्ष. याच्या जोडीला सरकारने नेमलेला डायरेक्टर. खर्चाच्या आणि देण्यांच्या कागदांवर सही डायरेक्टरची लागे. कर्ज, बी-बियाणे, यंत्रांचे सुटे भाग आणि विक्री सरकारी कचेरीतून. हंगामी मजुरांना, जे संख्येने सर्वाधिक होते, सभेत मतच नव्हते. दोन-तीन हंगामांत निवडलेला अध्यक्ष नामधारी झाला आणि मजुराच्या दृष्टीने आगाऊ मिळणारी रक्कम हाच पगार उरला. मळे चालवायला युद्धातून आलेली एकच रीत हाताशी होती: वरून नेमणूक. तीच वापरली गेली.

घटना सिनेमागृहात

संविधान सभा निवडली होती राज्यघटना लिहायला. प्रत्यक्षात मसुदा पक्षाच्या राजकीय मंडळाने केला आणि ३१ जुलै १९६३ रोजी अल्जिअर्सच्या माजेस्टिक सिनेमागृहात पक्षकार्यकर्त्यांसमोर मांडून संमत करून घेतला. सभेचे अध्यक्ष फरहात अब्बास यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. सप्टेंबरच्या सार्वमताने घटना आली: एकच पक्ष, बलवान अध्यक्ष. त्याच महिन्यात आइत अहमद यांनी कबिलियात बंड केले. सहाव्या विलायाचे तरुण कर्नल शाबानी १९६४ मध्ये गोळीने उडवले गेले.

बेन बेलांनी पक्षाला सेनेच्या तोडीचे बनवायचा प्रयत्न केला; जनसेना उभारायचे बोलू लागले, बूमेदियन यांची माणसे एकेक करून मंत्रिमंडळातून हलवू लागले. पण १९५७ नंतर पक्षाला स्वतःचा पाया नव्हताच. युद्धात एफएलएन म्हणजे लढणारी संघटना होती. लढाई सेनेकडे गेल्यावर पक्षाकडे फलक उरला. बूतेफ्लिकांचे परराष्ट्रखाते काढायची पाळी आली तेव्हा १९ जून १९६५ च्या पहाटे रणगाडे राजधानीत आले आणि बेन बेला पुन्हा कैदेत गेले. फारसा प्रतिकार झाला नाही.

शेजारच्या ट्युनिशियाशी ताडून पाहिले की दीर्घ युद्धाचा भाग वेगळा काढता येतो. तिथे एकच वसाहती सत्ता, जवळजवळ तोच काळ, पण सशस्त्र झगडा अल्प. १९५६ मध्ये सत्ता घेतली ती गावोगाव शाखा असलेल्या पक्षाने आणि मजबूत कामगार संघटनेने. तिथलेही राज्य एकपक्षीय आणि दडपशाहीचेच झाले, बुर्गिबांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला निष्ठुरपणे बाजूला केले, पण सेना लहान आणि बराकीत राहिली.

युद्ध हेच ओळखपत्र

राज्याने स्वतःचा हक्क युद्धावर उभा केला. माजी सैनिकांचे स्वतंत्र मंत्रालय, पेन्शन, परवाने, नोकरीत प्राधान्य. या सगळ्याला लागे तो मुजाहिद, म्हणजे मुक्तियुद्धातला लढवय्या, असल्याचा दाखला, आणि तो दोन साक्षीदारांच्या शब्दावर मिळू शके. मार्चवाल्यांपासून सुरू झालेला खोट्या मुजाहिदांचा वाद त्यामुळे पुढच्या दशकांतही मिटला नाही. हुतात्म्यांचा अधिकृत आकडा पंधरा लाख. बहुतेक इतिहासकारांचे अंदाज तीन ते चार लाखांच्या आसपास. तो कमी आकडाही नव्वद लाखांच्या समाजासाठी भयंकर आहे आणि त्याला फुगवण्याची काहीच गरज नाही. पण राज्याचा हक्क ज्यावर टेकला आहे तो आकडा तपासायची मोकळीक ते राज्य देत नाही.

ज्यांनी युद्ध सुरू केले ते याच राज्यात परके ठरले. खिदर १९६७ मध्ये माद्रिदला आणि क्रिम बेलकासेम १९७० मध्ये फ्रँकफर्टला मारले गेले. आइत अहमद दीर्घकाळ परदेशात राहिले. बूदियाफ मोरोक्कोत राहत होते. जानेवारी १९९२ मध्ये सेनेने निवडणूक रद्द केल्यावर त्यांना अध्यक्ष म्हणून परत बोलावण्यात आले आणि सहा महिन्यांच्या आत, २९ जून १९९२ रोजी, त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या. तेव्हाचे संरक्षणमंत्री खालेद नेझ्झार हे फ्रेंच सैन्यातून येऊन सीमेवरच्या सेनेत दाखल झालेल्या अधिकाऱ्यांपैकी होते. बूतेफ्लिका १९९९ ते २०१९ अध्यक्ष राहिले. त्यांना पायउतार करणाऱ्या मोर्च्यांत ‘राज्य नागरी हवे, लष्करी नको’ अशी घोषणा होती आणि लोकांच्या हातात अबान रमदान व बेन म्हिदी यांची छायाचित्रे होती.

१९९६ च्या घटनेने अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी एक अट घातली, आणि २०२० च्या घटनेतही ती आहे. जुलै १९४२ पूर्वी जन्मलेल्याने १ नोव्हेंबर १९५४ च्या क्रांतीत भाग घेतल्याचा पुरावा द्यायचा. त्यानंतर जन्मलेल्याने आपले आईवडील त्या क्रांतीविरुद्ध कोणत्याही कृत्यात सामील नव्हते, हे सिद्ध करायचे.